मधुमक्षिका पालन : पिकलेला मध काढा, घाई करू नका

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या फळाची चर्चा खूप झाली. परंतु मार्च-एप्रिलमध्ये त्याच झाडांना फुलोरा येतो तेव्हा त्यातला मकरंद कोण गोळा करतो, याकडे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचे फारसे लक्ष नाही. बदलापूरहून बारवी धरण किंवा कोंडेश्वरच्या बाजूला ज्यांची थोडी जागा आहे, त्यांना दोन-चार पेट्यांचा हा जोडधंदा करता येण्यासारखा आहे.

मी कापडाचा व्यापारी. या धंद्यात शिरलो तो ठेच खाऊनच. एका विक्रेत्याकडून मे महिन्यात मधाचे दोन डबे घेतले. रंग सुंदर, वासही चांगला. जुलैमध्ये झाकण उघडले तर वर फेस आणि आंबट वास! माल आंबला होता. त्यात साखर मिसळली होती असे नव्हे. मध कच्चाच काढला होता. पैसे गेले, पण कारण शोधायची गरज पडली.

मधमाशी मकरंद आणते तेव्हा तो पाण्यासारखा पातळ असतो. पोळ्यात पंखांनी वारा घालून माश्या त्यातले पाणी उडवतात आणि मध पिकला की घरावर मेणाचे झाकण लावतात. पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर राहिले की मध आंबण्याचा धोका असतो. म्हणून चौकटीतील निदान तीन चतुर्थांश घरे झाकली गेल्याशिवाय ती चौकट काढू नये. चार दिवस थांबल्याने वजन थोडे घटेल, पण माल टिकेल.

आपल्याकडे पेटीत पाळायची देशी माशी म्हणजे सातेरी. आग्या माशी पेटीत राहत नाही. इमारतीवर तिचे पोळे दिसले तर मशाल लावून जाळण्याचा मूर्खपणा करू नये. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मध मिळाला तरी नवशिक्याने समाधान मानावे. पेटी आपला सुतारही करू शकेल, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हातांची कमतरता नाही. मात्र नमुन्याची पेटी समोर ठेवूनच मापे घ्यावीत. चौकटींमधील अंतर चुकले की माश्या मेणाने सर्व चिकटवून टाकतात. आतून रंग किंवा पॉलिश अजिबात नको.

पेटी सावलीत, दार पूर्वेकडे, आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांजवळ किंवा वालधुनीच्या काठी पेटी ठेवू नये. माशीला जवळच स्वच्छ पाणी लागते. शेजारच्या शेतात फवारणी होणार असेल तर आधी कळवायला सांगून ठेवावे.

मध काढण्यासाठी कोरडा, उन्हाचा दिवस निवडावा. धुराड्यात गोणपाट पेटवून हलका धूर द्यावा, माशी गुदमरेल इतका नव्हे. फक्त वरच्या मधकोठीतल्या चौकटी घ्याव्यात. खालच्या कोठीत अंडी व पिल्ले असतात, तिला हात लावू नये. सुरीने झाकणे कापून चौकट मधयंत्रात फिरवली की मध निघतो आणि पोळे शाबूत राहते. पोळे पिळून काढलेल्या मधात पिल्लांचा रस व परागही उतरतात, तो लवकर बिघडतो. आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट : गाळायला नवी मलमल तशीच वापरू नका, तिच्यात खळ असते. गरम पाण्यात दोनदा धुऊन, पूर्ण वाळवून मगच घ्या. मध लोखंडी डब्यात ठेवू नये. काच किंवा स्टेनलेस स्टील उत्तम. पावसाळी हवेतली ओल मध शोषून घेतो, म्हणून काढणी जूनपूर्वी आटोपावी.

सगळा मध मात्र काढू नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडे फुलोरा कमी आणि पाऊस सारखा. शिल्लक नसेल तर वसाहत पेटी सोडून निघून जाते. या दिवसांत साखरेचा पाक द्यावा आणि उघडीप मिळताच तळफळी साफ करावी, नाहीतर मेणकिडा पोळी पोखरून टाकतो.

विक्रीबाबत सांगायचे तर, कुरआनमध्ये मधमाशीच्या नावाची सूरह आहे, आपल्या घरांत मध दवा म्हणून घेतला जातो, त्यामुळे हा माल विश्वासावर विकला जातो. तो विश्वास सध्या डळमळीत आहे. 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँड तपासले, त्यांपैकी तीनच सर्व चाचण्यांत उतरले. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून भेसळ कळत नाही. मध थिजला म्हणजे भेसळ, हाही गैरसमज आहे. गिऱ्हाइकाला बाटली कोमट पाण्यात ठेवायला सांगावे. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, हे मात्र प्रत्येक बाटलीवर लिहावे.

शिकायचे असेल तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातील मांघर 2022 साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पेट्या विकत घेण्याआधी तेथे एक चक्कर मारावी आणि पाळणाऱ्यांना मधाबद्दल नव्हे, पावसाळ्याबद्दल विचारावे.