पारितोषिक आणि प्रेरणा : संगणकीय चित्रस्पर्धांच्या निमित्ताने

चित्र काढणे हा बालकाचा स्वभावधर्म आहे. अक्षरांची ओळख होण्यापूर्वीच ते कोळशाने भिंतीवर आणि काडीने अंगणातील मातीत रेघा ओढू लागते. त्यासाठी कोणी त्यास बक्षीस कबूल केलेले नसते. आपल्या हातून रेघ उमटली, एवढ्यानेच ते हरखून जाते. शाळेत आल्यावर हा आनंद वाढीस लागतो की मावळतो, हे पुष्कळ अंशी शिक्षकाच्या हाती असते.

अलीकडे खेड्यापाड्यांतील शाळांतही मोबाइल व टॅबलेट ही साधने पोहोचली आहेत. पडद्यावर बोट फिरवून मुले चित्रे काढू लागली आहेत आणि त्याबरोबरच ऑनलाइन चित्रस्पर्धांची आमंत्रणेही शाळेकडे येऊ लागली आहेत. कोठे रोख रक्कम, कोठे शिष्यवृत्ती, तर कोठे नुसते प्रशस्तिपत्र असते. अशा स्पर्धेत मुलांना उतरवावे किंवा नाही, आणि उतरवावयाचे तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु एका बालकास बक्षीस मिळते तेव्हा वर्गातील उरलेल्या बालकांच्या हातातील खडूचे पुढे काय होते, हे त्यावर अवलंबून असल्यामुळे त्याचा नीट विचार झाला पाहिजे.

स्पर्धेचा लाभ

ऑनलाइन स्पर्धेचा पहिला लाभ असा की, तिने अंतर नाहीसे केले. पूर्वी चित्र टपालाने पाठवावे लागे. ते वाटेत चुरगळे किंवा मुदतीनंतर पोहोचे. आता आडगावातील मुलाचे चित्र शहरातील मुलाच्या चित्राशेजारी त्याच क्षणी जाऊन बसते. गूगल या कंपनीने आपल्या बोधचिन्हावर आधारलेली मुलांची चित्रस्पर्धा भारतात २००९ साली प्रथम भरविली. विषय होता ‘माझा भारत’. निवडलेले चित्र १४ नोव्हेंबर या बालदिनी कंपनीच्या भारतातील मुखपृष्ठावर झळकले. आपण काढलेले चित्र साऱ्या देशाने पाहावे, हे भाग्य पूर्वी क्वचितच एखाद्या बालकास लाभत असे.

दुसरा लाभ साधनाचा आहे. संगणकावर चुकलेली रेघ क्षणात मागे घेता येते आणि रंग पुन्हा पुन्हा बदलून पाहता येतो. कागद वाया जाण्याची भीती नसल्यामुळे भित्रे मूलही प्रयोग करू लागते. हे धाडस हीच कलाशिक्षणातील खरी कमाई होय.

एक बोधप्रद प्रयोग

तथापि, बक्षिसाचा बालमनावर नेमका परिणाम काय होतो, याविषयी १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाने ध्यानी ठेवावा असा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली व त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटास आधीच सांगितले की, चित्र काढल्यास सोनेरी तारा व लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटास काहीच न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे दिले. तिसऱ्या गटास काहीही दिले नाही.

एकदोन आठवड्यांनी ती पेने वर्गात पुन्हा मांडण्यात आली. या वेळी बक्षिसाचा उल्लेख नव्हता. मुले स्वखुशीने किती वेळ चित्रे काढतात, एवढेच पाहावयाचे होते. ज्यांना काही मिळाले नव्हते, त्यांनी आपल्या मोकळ्या वेळातील सुमारे १७ टक्के वेळ चित्रांत घालविला. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांनी सुमारे १८ टक्के. परंतु बक्षिसाच्या आशेने चित्रे काढलेल्या मुलांनी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्माच वेळ दिला. शिवाय बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रे गुणाने उणी ठरली होती.

तेरेसा आमाबिले या संशोधिकेने १९८२ साली याच दिशेचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ७ ते ११ वर्षे वयाच्या मुलींकडून तिने रंगीत कागद चिकटवून चित्रे करून घेतली. एका मेळाव्यातील मुलींना सांगितले की, उत्तम चित्रांस बक्षिसे मिळतील. दुसऱ्या मेळाव्यातील मुलींना सांगितले की, बक्षिसे चिठ्ठ्या टाकून वाटली जातील. चित्रकारांनी ही चित्रे तपासली, तेव्हा चढाओढीने केलेल्या चित्रांत कल्पकता कमी आढळली.

कारणमीमांसा

असे का व्हावे? बालक आपल्या कृतीचा अर्थ आपल्या मनाशी लावीत असते. ‘मी चित्र का काढतो?’ या प्रश्नाचे उत्तर ‘मला आवडते म्हणून’ असे असेपर्यंत आवड टिकते. तेच उत्तर ‘बक्षीस मिळते म्हणून’ असे झाले की, बक्षीस संपताच चित्रही संपते. मनाचे लक्ष रेषेवरून उठून परीक्षकाच्या मर्जीवर जाऊन बसते. मग बालक मागील वर्षीच्या विजयी चित्राची नक्कल करते. डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि नारळाचे झाड हेच शेकडो चित्रांतून आढळू लागते. त्याच्या स्वतःच्या गावातील ओढा मात्र कागदावर उतरतच नाही.

यावरून सर्वच पारितोषिके त्याज्य होत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. या विषयावर विद्वानांत बराच वाद झालेला आहे. डेसी, कोस्ट्नर व रायन यांनी १९९९ साली अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा आधीच कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी अंतःप्रेरणा घटते, परंतु कामाची नेमकी माहिती देणाऱ्या शाबासकीने ती वाढू शकते, असे त्यांस दिसून आले. अनपेक्षितपणे केलेल्या गौरवानेही अपाय होत नाही. तात्पर्य, दोष बक्षिसात नसून ते आमिष म्हणून पुढे धरण्यात आहे.

बक्षिसावाचूनही माणसे नेमाने चित्रे काढतात, याचेही उदाहरण आहे. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली स्वतःच्या सरावासाठी ऑक्टोबर महिन्यात रोज एक शाईचित्र काढण्याचा नेम केला. पुढे देशोदेशींच्या असंख्य कलावंतांनी तो उचलला. त्यात पहिला क्रमांक नाही आणि रोख रक्कमही नाही. आपला नेम आपण पाळला, हेच समाधान.

संगणकीय स्पर्धेतील विशेष अडचणी

ऑनलाइन स्पर्धांत आणखी दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. काही स्पर्धांचा निकाल लोकांच्या मतांवर ठरतो. ज्याच्या नातलगांजवळ मोबाइल अधिक, त्यास मते अधिक. यात चित्राची परीक्षा होत नाही. शेतमजुराच्या मुलीने अशा निकालावरून आपले चित्र वाईट होते असे समजणे, हा तिच्यावर अन्याय होय. ही गोष्ट शिक्षकाने तिला स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

दुसरी अडचण कर्तृत्वाची. २०२२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत संगणकीय कलेच्या विभागात पहिले, ३०० डॉलरचे बक्षीस ज्या चित्रास मिळाले, ते शब्दांत वर्णन देऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेकडून करवून घेतलेले होते. त्यावरून मोठा वाद माजला. केवळ पूर्ण झालेल्या चित्रावरून बालकाने किती शिकले हे कळत नाही, हा त्यातील शिक्षकासाठी धडा आहे. यास्तव कच्चा आराखडा, मधल्या अवस्था आणि अंतिम चित्र अशा तिन्ही पायऱ्या जपून ठेवण्याची सवय मुलांना लावावी. पायऱ्या पाहिल्या की, वडील भावाने काढून दिलेले चित्रही ओळखू येते.

पाठाची रूपरेषा

इयत्ता चौथी, विषय : ‘पावसातली आमची वाट’, तासिका दोन, साधने : कागद, पेन्सिल व शाळेतील एक मोबाइल किंवा टॅबलेट.

१. पहिल्या तासिकेत मुलांना शाळेबाहेर नेऊन वाट दाखवावी. चिखलातील पाऊलखुणा, बैलगाडीची चाकोरी, छत्रीवरून निथळणारे पाणी यांकडे लक्ष वेधावे. स्पर्धेचा उल्लेख मुळीच करू नये.

२. प्रत्येकाने कागदावर आराखडा काढावा. साधन एकच असल्यामुळे कागदी आराखडा पुरा झाल्याशिवाय ते हाती देऊ नये. त्यामुळे वाट पाहण्याचा वेळही कारणी लागतो.

३. दुसऱ्या तासिकेत आराखड्याचा फोटो घेऊन त्यावर पडद्यावरील दुसऱ्या थरात रंग भरावयास सांगावे. मुलांनी पाळीपाळीने काम करावे. राहिलेल्यांस पुढील दिवसांत संधी द्यावी.

४. सर्व चित्रे वर्गात दाखवावीत. ‘छान’ एवढेच न म्हणता ‘दूरची झाडे तू फिकट केलीस, म्हणून पावसाचा पडदा भासला’ असे नेमके सांगावे.

५. यानंतरच, एखादी योग्य स्पर्धा चालू असल्यास, चित्र पाठवावयाचे काय, हे त्या मुलास विचारावे. पाठविण्यापूर्वी प्रवेशशुल्क आहे काय, परीक्षक कोण आहेत, चित्रावरील हक्क कोणाकडे जातो आणि मुलाची कोणती माहिती मागितली आहे, हे शिक्षकाने वाचून पाहावे व पालकांची संमती घ्यावी.

समारोप

महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत यशस्वी मुलास श्रेणी मिळते. एकाची श्रेणी वाढल्याने दुसऱ्याची घटत नाही. वर्गातही हेच तत्त्व राखता येते. मुलाच्या जूनमधील चित्राची तुलना त्याच्याच जानेवारीतील चित्राशी करावी, शेजाऱ्याच्या चित्राशी नव्हे. स्पर्धेचा निकाल लागेल त्या दिवशी विजयी मुलाचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला सर्व मुलांनी पूर्वीच्याच उत्साहाने पेन्सिली काढल्या, तरच ती स्पर्धा शाळेस फळली असे समजावे.

शिक्षकांनी विचार करावयाचे प्रश्न

१. गेल्या वर्षी स्पर्धेत बक्षीस न मिळालेल्यांपैकी किती मुले आज स्वखुशीने चित्रे काढतात?

२. आपल्या वर्गात दिली जाणारी शाबासकी माहिती देणारी असते की केवळ क्रमांक सांगणारी?

३. आमिष न दाखविता मुलांचा गौरव करण्याचे कोणते तीन मार्ग आपल्या शाळेत शक्य आहेत?