अज्ञात द्रव्याचा शोध

मानवी शरीर हे तटबंदी असलेल्या किल्ल्यासारखे आहे. रोगजंतू आत शिरताच रक्तातील पांढऱ्या पेशी पहारेकऱ्यांप्रमाणे त्यांच्यावर तुटून पडतात. परंतु कधी कधी आपला कोण आणि परका कोण, हे ओळखण्यात या पहारेकऱ्यांचीच गफलत होते. फुलांच्या निरुपद्रवी परागकणांना ते शत्रू समजले, तर माणूस शिंकांनी व दम्याने बेजार होतो. यालाच ॲलर्जी म्हणतात. ते स्वतःच्याच सांध्यांवर चालून गेले, तर सांधे सुजतात, आखडतात आणि पुढे वाकडे होतात. संधिवाताच्या या उग्र प्रकारास आमवात असे नाव आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर या गावी मेयो क्लिनिक ही विख्यात वैद्यकीय संस्था आहे. डॉ. फिलिप हेंच (१८९६–१९६५) हे तेथील संधिरोग विभागाचे प्रमुख होते. त्या काळी आमवाताचे कारण कोणास ठाऊक नव्हते आणि तो बरा होत नाही, अशीच सर्वांची समजूत होती. विश्रांती, शेक व वेदना कमी करणारी औषधे यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

१९२९ सालच्या एप्रिल महिन्यात आमवाताच्या एका रुग्णाने डॉ. हेंच यांना एक नवलाची गोष्ट सांगितली. त्याला कावीळ झाली आणि थोड्याच दिवसांत त्याच्या सांध्यांचे दुखणे कमी झाले! दुसऱ्या कोणी ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. हेंच यांनी मात्र ती टिपून ठेवली व तसेच आणखी रुग्ण शोधण्यास आरंभ केला. असे अनेक रुग्ण त्यांना आढळले. पुढे त्यांच्या ध्यानात आले, की गरोदरपणातही पुष्कळ स्त्रियांचा आमवात ओसरतो.

हेंच यांनी विचार केला, की कावीळ पुरुषांना होते तशी स्त्रियांनाही होते. तेव्हा हा गुण केवळ स्त्रीच्या शरीरातील द्रव्याचा नव्हे. गरोदर स्त्रीला कावीळ झालेली नसते; तेव्हा तो केवळ पित्ताचाही नव्हे. दोन्ही अवस्थांत शरीरात एखादे उपकारक द्रव्य वाढत असले पाहिजे. त्या अज्ञात द्रव्यास त्यांनी ‘एक्स’ असे नाव दिले. ते हाती यावे म्हणून त्यांनी नाना प्रयोग केले. परंतु वर्षांमागून वर्षे गेली, तरी यश आले नाही.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांशी अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्यातून केंडल यांनी काही द्रव्ये वेगळी केली होती. त्यांपैकी ‘ई’ हे द्रव्य रुग्णास देऊन पाहावे, असे दोघांनी १९४१ साली ठरविले. परंतु ग्रंथींतून ते अत्यल्प मिळे. शेवटी मर्क या औषधनिर्मात्या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लुई सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून, तीसहून अधिक क्रियांनंतर, ते कृत्रिम रीतीने तयार केले.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी हे औषध एका २९ वर्षांच्या स्त्रीला प्रथम टोचण्यात आले. आमवाताने तिला हालचाल करणेही कठीण झाले होते. तीनचार दिवसांत ती चालू लागली आणि आठवड्याभराने बाजारात खरेदीला गेली! ‘ई’ जीवनसत्त्वाशी घोटाळा होऊ नये, म्हणून पुढे या द्रव्यास कॉर्टिसोन असे नाव देण्यात आले. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधील संशोधक टाडेयुश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जगभर जयजयकार होत असतानाही हेंच यांनी सत्य झाकले नाही. औषध थांबविताच दुखणे परत येते, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. कॉर्टिसोनमुळे ज्वाळा खाली बसतात. निखारे मात्र विझत नाहीत. फार दिवस मोठ्या प्रमाणात घेतल्यास चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात आणि रोगजंतूंना तोंड देण्याची शक्ती घटते. म्हणून आजही ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. त्या मर्यादेत मात्र त्यांचे उपकार थोर आहेत. दमा, तीव्र ॲलर्जी व आमवात यांत ती आजही उपयोगी पडतात. २०२० साली कोविडच्या साथीत अत्यवस्थ रुग्णांचे प्राण वाचविणारे डेक्सामेथासोन हे औषध याच कुळातील होय.

रुग्णाचे एक साधे बोलणे हेंच यांनी मनावर घेतले आणि एकोणीस वर्षे त्याचा पाठपुरावा केला. त्या चिकाटीतूनच वेदनेने जखडलेल्या असंख्य माणसांना पुन्हा उठून चालण्याचे सुख लाभले.

प्रश्न
१. शरीरातील ‘पहारेकऱ्यांची गफलत’ म्हणजे काय?
२. अज्ञात द्रव्य केवळ पित्तातील नव्हे, हे हेंच यांनी कशावरून ताडले?
३. ‘ज्वाळा खाली बसतात, निखारे मात्र विझत नाहीत’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.