पासबुकातले कोरे महिने

३१ ऑगस्ट २०१९ हा चाकणच्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस. अकरा वर्षं मी तिथे क्वालिटीला होतो. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे मशीनिंग केलेले पार्ट आम्ही बनवायचो. त्या वर्षी वाहन उद्योगाचं काय झालं ते भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्रत्येकाला आठवत असेल. वित्तसंस्थांनी गाड्यांच्या कर्जाचा हात आखडता घेतला होता, १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सहा निकष लागू होणार म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिलं होतं, आणि ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची देशातली विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त घसरली. आमच्याकडे तीन शिफ्टच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, मग महिन्याला सात-आठ दिवस लाइन बंद. त्यानंतर एकेकाला केबिनमध्ये बोलावणं सुरू झालं.

माझा नंबर आला तेव्हा राजीनाम्याचं पत्र टाइप करून तयार होतं. खाली फक्त सही करायची. कारण लिहिलं होतं, ‘वैयक्तिक’. “सर, तुमच्या रेकॉर्डवर डाग नको म्हणून सांगतेय. पुढच्या कंपनीत काढून टाकलं असं सांगावं लागणार नाही,” एचआरची मुलगी म्हणाली. तिचाही आवाज कापत होता. तिच्यावर माझा राग नाही. मी सही केली, दोन महिन्यांचा जादा पगार घेतला आणि बाहेर पडलो.

पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्या सहीपासून झाली असं मी मानतो. नोकरी जाणं म्हणजे डाग, आणि तो झाकायचा असतो, हे मी त्या टेबलावर शिकलो. खरं तर डाग कसला? मंदी माझ्या चुकीने आली नव्हती. शिवाय त्या सहीने माझं पैशांचंही नुकसान झालं असेल. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्याची कपात करताना एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागत असे. मी त्या व्याख्येत बसलो असतो का, हा वादाचा मुद्दा होता. पण राजीनामा दिल्यावर तो वाद घालायला जागाच उरली नाही. ग्रॅच्युइटी मिळाली, कारण पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. म्हणून कुणाला असं पत्र पुढे केलं गेलं तर माझं सांगणं आहे, त्या दिवशी सही करू नका. पत्राची प्रत मागा, घरी न्या, कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. आता कायदे बदलले आहेत, त्यामुळे तर नक्कीच दाखवा.

घरी बायकोला पहिल्याच रात्री सांगितलं. कराडला आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं नाही. सोसायटीत कुणी विचारलं तर “सध्या सेकंड शिफ्ट आहे” म्हणायचो. बायोडाटात खोटं लिहायच्या आधीपासून मी जिन्यात खोटं बोलत होतो, हे आता लिहिताना जास्त टोचतं.

सप्टेंबर, ऑक्टोबर अर्ज करण्यात गेले. उत्तरं येईनात. मग आकुर्डीत एकाकडे दीड हजार रुपये देऊन बायोडाटा नव्याने करून घेतला. त्याने सुचवलं आणि मी होकार भरत गेलो. माझ्या हाताखाली चार इन्स्पेक्टर होते, ते ‘२२ जणांच्या टीमचे नेतृत्व’ झालं. सिक्स सिग्मा या गुणवत्ता सुधारण्याच्या पद्धतीचं पाच दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, पण प्रोजेक्ट अर्ध्यावर राहिलेला. ते ‘प्रमाणित ग्रीन बेल्ट’ झालं. आणि नोकरीच्या कालावधीपुढे ‘२००८ ते आजपर्यंत’.

त्याच सुमारास एका कन्सल्टन्सीवाल्याने आठ हजारांत अनुभवपत्र देऊ केलं. लेटरहेड, शिक्का, फोन आला तर बोलणारा माणूस, सगळं. मी तिथून उठून आलो. बनावट कागद वापरणं हा फौजदारी गुन्हा आहे एवढं मला कळत होतं. पण त्या उठून येण्याचं मला इतकं समाधान वाटलं की त्यापुढे बायोडाटातली एक तारीख मला अगदी किरकोळ वाटू लागली. माणूस मोठं खोटं नाकारतो आणि त्या बळावर लहान खोटं स्वतःला माफ करून टाकतो. मी तेच केलं.

बेल्टचं खोटं डिसेंबरमध्येच उघडं पडलं. मुलाखत घेणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे, शांत. त्यांनी विचारलं, “प्रोजेक्ट सुरू करताना सीपीके किती होता आणि बंद करताना किती?” सीपीके म्हणजे पार्टची मापं ठरलेल्या मर्यादेत किती नेमकी बसतात त्याचा आकडा. मी म्हणालो, एक पूर्णांक तेहतीसच्या वर नेला. “आधीचा?” मी काहीतरी आकडा सांगितला. “गेज आर अँड आर किती आलं होतं?” इथे मी अडकलो. गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातलाच फरक, ३० टक्क्यांच्या वर असेल तर त्यावर काढलेल्या सीपीकेला अर्थ नसतो, हे मला माहीत होतं. रोजच्या कामातलं होतं. पण न केलेल्या अभ्यासाचा आकडा कुठून आणणार? त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “ग्राहकाच्या तक्रारींवरचे ८डी रिपोर्ट तुम्ही स्वतः लिहिले आहेत का?” मी अकरा वर्षांत दीडशेच्या वर लिहिले होते. तसं सांगितलंही. पण तोवर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता, आणि माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत खरं वाक्यही त्यांना खोटं वाटलं असणार.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. बेल्ट काढला, बाकीचं तसंच ठेवलं.

जानेवारी २०२० मध्ये रांजणगावच्या एका लहान कंपनीने ३८ हजारांवर बोलावलं. आठवड्याभरात एका मोठ्या कंपनीची ५२ हजारांची ऑफर आली आणि रांजणगावला मी नकार कळवला. मोठ्या कंपनीच्या जॉइनिंग फॉर्मवर शेवटची तारीख लिहायची होती. मी लिहिली ३१ जानेवारी २०२०. रिलीव्हिंग लेटर मागितलं तेव्हा म्हणालो, हिशेब पूर्ण व्हायचाय, महिन्याभरात मिळेल. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की दिलेली माहिती चुकीची आढळल्यास ऑफर रद्द होईल. त्याखाली सही केली. यूएएन नंबरही मीच लिहून दिला.

हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. यूएएन म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा १२ आकडी नंबर. २०१४ पासून तो माणसाबरोबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जातो. त्याखाली प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची तारीख असते, सोडल्याची तारीख असते आणि पासबुकात कुठल्या महिन्याचे किती पैसे जमा झाले ते दिसतं. पैसे ज्या पगारावर कापले गेले तो आकडाही दिसतो. म्हणजे सोडल्याची तारीख पुढे सरकवली तर मधले महिने पासबुकात कोरे राहतात. पूर्वतपासणी करणाऱ्या संस्था हेच बघतात. जुन्या कंपनीला मेल जातो, पगारातून कापलेल्या कराचा दाखला मागतात, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी मागतात. यातल्या एकाही कागदाला तुमची अडचण समजत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मोठ्या कंपनीतून फोन आला. बोलणाऱ्या मुलीचा आवाज सौम्य होता. “सर, तुमच्या शेवटच्या तारखेत पाच महिन्यांचा फरक येतोय.” मी सगळं खरं सांगितलं. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, “सर, ऑगस्टमध्ये गेलेली नोकरी आमच्याकडे अडचण नव्हती. त्या वर्षी आम्ही असे कितीतरी लोक घेतलेत.” संध्याकाळी ऑफर मागे घेतल्याचा मेल आला. त्याच आठवड्यात पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले होते. रांजणगावला फोन केला, जागा भरली होती. २५ मार्चपासून देश बंद झाला.

पुढचे सहा महिने पीएफमधून पैसे काढून आणि बायकोच्या शिकवण्यांवर गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या काळात मी आप्पांना फोन करून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “साखर कारखान्यात हंगाम संपला की आम्हाला दरवर्षी घरी बसवायचे. त्यात लपवायचं काय?”

बायोडाटा मी पुन्हा लिहिला, स्वतः, दोन पानांत. ‘ऑगस्ट २०१९ मध्ये मंदीमुळे झालेल्या कपातीत नोकरी गेली’ हे वाक्य तारखेच्या शेजारीच टाकलं. चार इन्स्पेक्टर लिहिले आणि त्या चौघांकडून काय काम करून घेतलं तेही लिहिलं: एका ग्राहकाकडे दहा लाखांमागे १८० सदोष पार्ट जायचे, ते ४० वर कसे आणले. ग्रीन बेल्टच्या जागी ‘ट्रेनिंग पूर्ण, प्रोजेक्ट अपूर्ण’. सप्टेंबरमध्ये शिरवळच्या एका कारखान्याने बोलावलं. मालक म्हणाले, “माझ्याकडे पाच इन्स्पेक्टर आहेत. बावीस लोक सांभाळणारा मला परवडलाही नसता आणि टिकलाही नसता.” पगार ४१ हजार. अजून तिथेच आहे.

ज्यांची नोकरी गेली आहे त्यांनी अर्ज करायला बसण्याआधी आपलं पासबुक उघडावं, सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने नीट भरली आहे का ते बघावं. कधीकधी कंपनीचीच चूक असते आणि खरं बोलणारा माणूस खोटा ठरतो. चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी. राजीनामा लिहून घेतला असेल तर मुलाखतीत तेही सरळ सांगावं. समोरच्याला ही पद्धत चांगली ठाऊक असते. बायोडाटातल्या प्रत्येक ओळीवर घरातल्या कुणाला तरी तीन प्रश्न विचारायला सांगावेत: कधी, किती, कुणाबरोबर. तिसऱ्या प्रश्नाला अडखळलात तर ती ओळ खोडा. आपण केलेलं काम मात्र कमी करून सांगू नका. आपल्याकडे पुष्कळ जण आकडेच लिहीत नाहीत, आणि मग जागा रिकामी दिसते म्हणून खोट्याने भरतात.

आता मुलाखतीला मी टेबलाच्या या बाजूला असतो. गेल्या महिन्यात तिशीतला एक मुलगा आला. बायोडाटावर ‘आजपर्यंत’, आणि फॉर्मसोबत जोडलेलं पासबुक मार्चमध्येच थांबलेलं. मी दार लोटून घेतलं, त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि पासबुकाच्या त्या पानावर बोट ठेवलं. त्याने मान खाली घातली. मी माझं पेन त्याला दिलं. त्याने ‘आजपर्यंत’वर काट मारली, मार्चची तारीख लिहिली, शेजारी सही केली. मग मी मोजमापाच्या मशीनबद्दल विचारलं, “सीएमएमवर प्रोग्रॅम स्वतः लिहिता का?” तो खुर्चीत पुढे सरकून बसला आणि बोलायला लागला.