थरावर थर

मुलांनो, टूथपेस्टचा रिकामा खोका आज फेकू नका. त्याचा एक तुकडा रात्रभर पाण्यात भिजत ठेवा आणि सकाळी हलक्या हाताने सोलून पाहा. त्यातून पातळ पापुद्रे निघतील. वरचा पांढरा, आतले बहुधा करडे. हे थर कशाने चिकटवले असतील? तुम्ही म्हणाल, डिंकाने!

मागच्या वर्षी आमच्या वर्गानेही असेच म्हटले होते. मग आम्ही जुन्या खोक्यांपासून पुठ्ठा करायचे ठरवले. पिना व चिकटपट्ट्या काढल्या. तुकडे भिजवून, घोटून त्यांचा लगदा केला. तो टबभर पाण्यात कालवला. चौकटीवर ताणलेली जाळी त्यात बुडवून सरळ वर उचलली. पाणी गळून गेले आणि जाळीवर लगद्याचा ताव राहिला. असे आठ ताव आम्ही उन्हात वाळवले. नंतर पाणी शिंपडून ते एकमेकांवर ठेवले व दाबले. दुसऱ्या दिवशी ते पत्त्यांसारखे सुटे झाले!

चूक माझीच होती. लगद्यातील तंतू पाण्यात मोकळे असतात. पाणी निघून जाऊ लागले, की ते जवळ येतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. आमच्या तावांतील तंतूंनी वाळतानाच आपापल्या तावात पकड घेतली होती. शेजारच्या तावासाठी फारसे काही उरले नव्हते.

दुसऱ्या वेळी आम्ही ओल्या तावावर ओलाच ताव उलटा केला. वर कापड, फळी आणि विटा ठेवल्या. डिंकाचा थेंबही वापरला नाही.

कारखान्यातही हेच तत्त्व असते. एका पद्धतीत लगद्याच्या हौदांची रांग असते. प्रत्येक हौदात जाळीचा मोठा दंडगोल फिरतो. नमद्यासारखा जाड पट्टा त्यांच्यावरून सरकत जातो आणि प्रत्येकाकडून एक ओला थर उचलतो. पुढे रूळ पाणी पिळून काढतात. वाफेने तापलेले रूळ पुठ्ठा वाळवतात. आतल्या थरांना रद्दीचा लगदा चालतो. चांगला पांढरा लगदा फक्त वर लागतो. केवढी काटकसर!

पण रद्दी कितीही वेळा वापरता येत नाही. दर वेळी तंतू तुटून आखूड होतात, म्हणून अधूनमधून नवा लगदा मिसळावा लागतो. तेलकट खोका तर उपयोगाचा नाहीच, कारण तेल तंतूंची पकड बिघडवते.

आमचा पुठ्ठा वाळायला चार दिवस लागले. तो एका कोपऱ्यात थोडा वाकला आहे. सध्या तो आमच्या हजेरीपटाचे कव्हर आहे.