हॅरोची परसबाग

(जन्मभर शेती केलेले एक आजोबा सातारा जिल्ह्यातून इंग्लंडला आपल्या मुलाकडे राहायला जातात. तिथली हवा, माती आणि ऋतू वेगळे असतात. तिथे बाग फुलवताना त्यांना काय काय शिकावे लागले, ते त्यांची नात या पाठात सांगत आहे.)

आमचे घर हॅरोला आहे. हॅरो हा लंडन शहराच्या वायव्येकडचा भाग. इथे एक टेकडी आहे. टेकडीवर जुने चर्च आणि एक प्रसिद्ध शाळा आहे. पंडित जवाहरलाल नेहरू १९०५ ते १९०७ या काळात याच शाळेत शिकत होते. टेकडीच्या खाली घरांच्या रांगाच रांगा आहेत. बहुतेक घरांच्या मागे लहानसे परस असते. आमच्याही घरामागे आहे. पण त्यात हिरवळ आणि सफरचंदाचे एक जुने झाड, एवढेच होते.

जानेवारीत आजी-आजोबा वाईजवळच्या आमच्या गावाहून कायमचे इकडे राहायला आले. जानेवारीच्या सुरुवातीला इथे सकाळी आठ वाजता सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. आजोबा पहाटे उठून खिडकीशी बसत. बाहेर अंधार आणि थंडी. करायला काम नाही. गावाकडे घटकाभर स्वस्थ न बसणारे आजोबा हळूहळू बोलेनासे झाले.

एके दिवशी मी म्हणाले, "आजोबा, आपण परसात बाग करू या का?"

आजोबांनी चप्पल घातली आणि ते तसेच बाहेर गेले. हिरवळीच्या कडेची चिमूटभर माती त्यांनी बोटांनी चोळून पाहिली. "अगं, ही तर चिकण माती! पावसात पायाला चिकटणार आणि उन्हात भेगाळणार. आपल्या काळ्या रानाचीच बहीण दिसते," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले.

बाबांनी आणि आजोबांनी अर्धी हिरवळ खणून चार वाफे केले. चिकण माती भुसभुशीत व्हावी म्हणून त्यात घोड्याच्या लिदीचे कुजलेले खत मिसळले. परदेशातून बियाणे आणायचे तर तपासणीचा सरकारी दाखला लागतो. म्हणून आजोबांनी गावाहून बी आणले नव्हते. मिरची आणि टोमॅटोचे बी आम्ही इथल्या दुकानातून आणले. धणे आणि मेथीदाणे आजीच्या डब्यात होतेच.

फेब्रुवारीच्या शेवटी आजोबांनी लहान कुंड्यांत मिरची आणि टोमॅटोचे बी पेरले. कुंड्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. शेजारी अंड्यांच्या खोक्यांत बियाण्याचे बटाटे मांडले. बटाट्यांचे डोळे वर ठेवले. उजेडात त्यांना आखूड, जाड कोंब फुटले. एप्रिलमध्ये ते बटाटे आम्ही वाफ्यात लावले. झाड वाढू लागले, तशी बुंध्याला मातीची भर दिली. बटाट्यांवर ऊन पडले तर ते हिरवे आणि विषारी होतात. म्हणून ते मातीखाली झाकलेले असावे लागतात.

एप्रिलच्या अखेरीस छान ऊन पडले. मिरचीची रोपे वीतभर उंच झाली होती. आजोबा म्हणाले, "आता यांना घरात कशाला कोंडायचं? लावून टाकू वाफ्यात." आम्ही बारा मिरच्या आणि दहा टोमॅटो लावले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री आभाळ अगदी निरभ्र होते. चांदण्या लखलखत होत्या. सकाळी मी बाहेर आले, तर गवत पांढरे झाले होते. दव गोठले होते. ऊन वर आले आणि आमची रोपे काळी पडून माना टाकू लागली. रोपांच्या पानांतील पाणी गोठले की पाने मरतात. बावीस रोपांपैकी एकही वाचले नाही.

आजोबा बराच वेळ वाफ्याशी उभे राहिले. "मे महिन्यात गोठलं! आमच्याकडे मे महिन्यात माती पाय भाजते. पन्नास वर्षं शेती केली, पण इथं माझं शहाणपण काही कामाचं नाही. मला गावाला पाठवून दे," ते बाबांना म्हणाले.

कुंपणापलीकडे शेजारच्या इंग्रज आजीबाई उभ्या होत्या. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्यांनी काळी पडलेली रोपे पाहिली आणि त्या इंग्रजीत काहीतरी बोलल्या. आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मग मी मध्ये उभी राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगू लागले.

आजीबाई म्हणाल्या, "मे महिना अर्धा सरेपर्यंत इथं गारठ्याचा भरवसा नाही. आणि रोपं एकदम बाहेर लावायची नाहीत. आठ-दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत ठेवायची. मग ती काटक होतात."

आजोबांनी विचारले, "तुम्ही हे कुठं शिकलात?"

"आईवडिलांकडून," आजीबाई म्हणाल्या. मग त्यांनी जुनी हकिकत सांगितली. दुसरे महायुद्ध १९३९ मध्ये सुरू झाले. इंग्लंडमध्ये बरेचसे अन्न परदेशांतून जहाजांनी येत असे. शत्रूच्या पाणबुड्या ती जहाजे बुडवू लागल्या. तेव्हा सरकारने लोकांना आवाहन केले, की मिळेल ती जमीन खणा आणि भाजीपाला पिकवा. लोकांनी हिरवळी खणल्या, फुलझाडे काढून बटाटे लावले. लंडनमधल्या 'टॉवर ऑफ लंडन' या किल्ल्याच्या खंदकातही भाज्या पिकू लागल्या. युद्ध १९४५ मध्ये संपले, तरी अन्नाचे रेशन १९५४ पर्यंत चालू होते.

"आमच्या घरचे लोक शेतकरी नव्हते. पहिल्या वर्षी त्यांचीही रोपं गेली होती. त्यांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली," असे म्हणून आजीबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक तबक होते. त्यात सहा टोमॅटोची आणि चार मिरचीची रोपे होती. "मी नेहमी थोडी जास्त करते," त्या म्हणाल्या.

आजोबांनी दोन्ही हातांनी तबक घेतले. त्या दिवसापासून त्यांनी एक वही केली. वहीत ते तारीख, हवा आणि केलेले काम लिहू लागले. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिले, "मिरची आणि टोमॅटो मे अखेर बाहेर लावणे."

जून आला. इंग्लंड विषुववृत्तापासून खूप दूर उत्तरेला आहे. त्यामुळे जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा होतो. पहाटे पावणेपाचला सूर्य उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो. मेथी भराभर वाढली. कोथिंबीर मात्र मोठ्या दिवसांत लवकर फुलावर येऊ लागली. मग आजोबा दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे धणे पेरू लागले. पुदिना त्यांनी कुंडीतच ठेवला. तो वाफ्यात लावला तर सगळीकडे पसरतो. रात्री बॅटरी घेऊन आम्ही गोगलगाई वेचत असू. नाहीतर त्या कोवळी पाने एका रात्रीत फस्त करतात.

"इथं पावसाळा कधी?" आजोबांनी एकदा विचारले. बाबा म्हणाले, "वेगळा पावसाळा नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. लंडनला सुमारे सहाशेच पडतो, पण बाराही महिने थोडा थोडा." आजोबांनी छपराच्या पन्हळीखाली एक पिंप ठेवले. पिंपातले पाणी कोरड्या दिवसांत उपयोगी पडले.

जुलैमध्ये बटाटे काढले. एकेका झाडाखाली माती उकरली की पांढरेशुभ्र बटाटे दिसत. मला तर दडवलेला खजिना सापडल्यासारखे वाटे. ऑगस्टमध्ये टोमॅटो लाल झाले. मिरच्याही लागल्या. आजीने पहिल्या मिरच्यांचा ठेचा केला. आजोबांनी त्यातला थोडा वाटीत घालून कुंपणापलीकडे दिला. आजीबाईंनी तो चाखला आणि त्या दोन पेले पाणी प्यायल्या. "पुढच्या वर्षी आणखी द्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

सप्टेंबरच्या शेवटी सफरचंदे पिकली. ती मोठी, हिरवी आणि फार आंबट होती. ही 'ब्रॅमली' जातीची सफरचंदे शिजवून खातात. या जातीची गोष्टही आजीबाईंनी सांगितली. १८०९ मध्ये साउथवेल या गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यांतून हे झाड आले. पुढे ते घर ब्रॅमली नावाच्या माणसाने घेतले, म्हणून फळाला त्याचे नाव मिळाले. त्या एका झाडापासून कलमे होत होत ही जात देशभर पसरली. आजीने मात्र फळ चाखले आणि म्हणाली, "ही तर कैरीच!" तिने सफरचंदाचे लोणचे घातले.

ऑक्टोबरमध्ये आजोबांनी लसूण लावला. लसणाला थंडी लागते. ती मिळाली नाही तर गड्ड्याला नीट पाकळ्या सुटत नाहीत. "लसूण आपण गावाकडेही याच दिवसांत लावतो," आजोबा खुशीत म्हणाले. आम्ही गळालेली पाने पोत्यांत भरली. ती कुजली की छान खत होते.

डिसेंबरमध्ये पुन्हा सगळे पांढरे झाले. मी घाबरून म्हणाले, "आजोबा, आपला कोबी!"

"काही होत नाही त्याला," आजोबा म्हणाले. "थंडीपासून वाचायला कोबी आपल्या पानांत साखर वाढवतो. गारठा पडला की तो गोड लागतो. आजीबाईंनी सांगितलंय. मिरचीला मारणारी थंडी कोबीला मानवते. ज्याचा त्याचा ऋतू असतो, बाळ."

जानेवारीत एका सकाळी मी उठले, तेव्हा बाहेर अंधारच होता. आजोबा खिडकीशीच बसले होते. पण आता त्यांच्यासमोर दिवा होता आणि वही उघडी होती. "मिरचीची दोन कुंड्या रोपं जास्त करायची," ते म्हणाले. "कोणाला लागली तर द्यायला असावीत."

शब्दार्थ

परस – घरामागची मोकळी जागा. वाफा – भाजी लावण्यासाठी केलेला जमिनीचा लहान भाग. लीद – घोड्याची विष्ठा. निरभ्र – ढग नसलेले. काटक – त्रास सोसू शकणारा. पन्हळ – छपरावरचे पाणी वाहून नेणारी नळी. खंदक – किल्ल्याभोवतीचा खोल चर.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजोबा गावाहून बी का घेऊन आले नाहीत?
(आ) चिकण माती भुसभुशीत व्हावी म्हणून तिच्यात काय मिसळले?
(इ) आजोबांनी वहीच्या पहिल्या पानावर काय लिहिले?

प्र. २. कारणे सांगा.
(अ) बटाट्याच्या झाडाला मातीची भर देतात.
(आ) महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील लोकांनी हिरवळी खणल्या.
(इ) पुदिना कुंडीत लावतात.

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "मी नेहमी थोडी जास्त करते."
(आ) "ज्याचा त्याचा ऋतू असतो, बाळ."

प्र. ४. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मे महिन्यात रोपे कशी मेली?
(आ) पहिल्या जानेवारीतले आजोबा आणि दुसऱ्या जानेवारीतले आजोबा यांत तुम्हांला कोणता फरक दिसला?

उपक्रम : एका कुंडीत धणे किंवा मेथीदाणे पेरा. पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख आणि दर आठवड्याची उंची वहीत लिहा. तुमच्या गावी कोणती भाजी कोणत्या महिन्यात लावतात, ते घरातील मोठ्या माणसांना विचारा.