लाखोळीची डाळ खावी की नाही?

भंडारा जिल्ह्यात आहाराचा सल्ला देताना मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ताई, लाखोळीची डाळ चालेल का?" उभ्या धानाच्या बांधीत ही फेकून पेरतात, जमिनीच्या ओलीवरच ती येते. घरची आणि स्वस्त. कोणी तिला विष म्हणतो, कोणी अमृत. आहारतज्ज्ञाने मात्र दोघांचे ऐकून थांबू नये, पुरावा पाहावा.

पहिला आधार हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांचा. डॉ. गोपालन व सहकाऱ्यांच्या १९७१ च्या पुस्तकानुसार १०० ग्रॅम लाखोळीच्या डाळीत सुमारे २८ ग्रॅम प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत सुमारे २२. (२०१७ साली संस्थेने ५२८ अन्नपदार्थ नव्याने तपासून दुसरे कोष्टक काढले.) एवढेच वाचले तर लाखोळी तुरीपेक्षा सरस ठरेल! पण प्रथिनांचा आकडा विषाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून एका कोष्टकावर सल्ला देणे मला धोक्याचे वाटते.

दुसरा आधार रोगाच्या अभ्यासाचा. मध्य प्रदेशातील रीवा भागात शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळे. दुष्काळात दुसरे काही नसताना ती महिनोन् महिने पोटभर खाल्ली गेली आणि अनेकांचे पाय कायमचे लुळे पडले. १९६१ साली विक्रीवर बंदी आली. १९६४ मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी डाळीतील मज्जातंतूंना घातक द्रव्य वेगळे काढले. पुढे हे द्रव्य कमी असलेली रतन, प्रतीक, महातिवडा अशी वाणे निघाली.

हे सारे एकत्र वाचले की उत्तर बरेच स्पष्ट होते. धोका प्रामुख्याने प्रमाणात आणि सलगतेत आहे. भात, भाजी, इतर डाळींबरोबर कधीमधी वाटीभर लाखोळी खाणे वेगळे, आणि दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न होणे वेगळे. द्रव्य पाण्यात विरघळते, म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकावे, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही फेकावे. विष बरेच कमी होते, पूर्ण जात नाही. आणि काही जीवनसत्त्वेही पाण्याबरोबर जातात, हे लक्षात ठेवावे.

माझा सल्ला असा: तूर, मूग, हरभरा मिळत असेल तर तेच घ्यावे. बेसन विश्वासाच्या दुकानातूनच घ्यावे, कारण स्वस्त लाखोळीची भेसळ त्यात होत आली आहे. आपला सल्लागार एखादा पदार्थ ठामपणे खा किंवा सोडा म्हणाला, तर "कशावरून?" असे खुशाल विचारावे. संस्थेची २०२४ ची १७ आहारसूत्रे मोफत मिळतात. ती त्याच्याजवळ असावीत. लाखोळी नेहमी खाणाऱ्याचे पाय ताठरत असतील, चालताना टाचा उचलल्या जात असतील, तर डाळ ताबडतोब थांबवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. गेलेली ताकद सहसा परत येत नाही.