ओढणाऱ्या यंत्राच्या पाठीवर ओझं

प्रश्न : कॅनडातल्या ओंटारिओत जुना स्किडर पडून आहे. घरच्या घरी त्याचा फॉरवर्डर होईल का?

उत्तर : होईल, पण विंच काढून क्रेन बसवली की झालं, असं नाही.

स्किडर ओंडक्यांचं एक टोक उचलून बाकीचं फरफटत नेतो. फॉरवर्डर अख्खा भार पाठीवर घेतो. ओलं लाकूड घनमीटरला साधारण 800 ते 1000 किलो भरतं. पाच घनमीटर म्हणजे चार-पाच टन. क्रेनचं वजन वेगळंच. स्किडरचा मागचा एकटा ॲक्सल त्यासाठी बनलेला नसतो. म्हणूनच कारखान्यातले बहुतेक फॉरवर्डर सहा किंवा आठ चाकांचे असतात. मागे बोगी : तुळईच्या टोकांना दोन चाकं, मधे टेकू. एक चाक बुंध्यावर चढलं तरी दुसरं जमीन सोडत नाही.

आधी यंत्राची कंबर तपासावी. दोन सांगाडे जोडणाऱ्या सांध्याशी जॅक लावून किंचित उचलावं. पिन खुळखुळली तर बुश बदलायला आले.

ब्रेकचं काय? फरफटणारा ओंडका उतारावर स्वतःच गती रोखतो. पाठीवरचा भार उलट पुढे ढकलतो. म्हणून उतारावर, अर्ध्या भाराने, ब्रेकची चाचणी घ्यावी. हायड्रॉलिक पंपही क्रेनच्या मागणीप्रमाणे निवडावा; ब्लेड आणि स्टिअरिंगपुरता असलेला जुना पंप बहुधा अपुरा पडतो.